१०×१० ची खोली, काळी एक आणि घुमणारा धैवत

खोली १० × १० फूट, उंची साडेनऊ. बैठकीवर बसून गायन, पेटी आणि तानपुरा रेकॉर्ड करायचा. सध्याची स्थिती: फटी बंद झाल्या, घुमारा शोषणारी आठपैकी सहा पॅनल लागली, खिडकीचं काम अर्ध्यावर.

सुरुवात दारापासून. आवाज अडवायला वजन आणि हवाबंदपणा लागतो. घुमारा शोषायला जाड, सच्छिद्र माल. ही दोन कामं वेगळी आहेत. भिंतीवर फोम चिकटवून शेजारचा मिक्सर ऐकू यायचा थांबत नाही. सात फुटी दाराखाली १० मिमी फट म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाचा जेमतेम अर्धा टक्का, पण तेवढ्यानेच दाराची अडवण्याची ताकद २३ डेसिबलच्या पुढे जात नाही, मग फळी कितीही जाड असो. चौकटीला तिन्ही बाजूंनी ईपीडीएम रबराची पट्टी आणि खाली दार लावल्यावर आपोआप उतरणारं सील बसवलं. तपासायला रात्री आतला दिवा बंद करून बाहेरून टॉर्च फिरवा. पहिल्या खेपेला बिजागरीच्या बाजूला उजेडाची बारीक रेघ दिसली. तिथे पट्टी दाबलीच जात नव्हती.

आता खरा त्रास. खोली चौरस, त्यामुळे लांबी आणि रुंदी दोन्हींचे अनुनाद (खोलीच्या मापामुळे घुमणारे ठरावीक सूर) एकाच जागी पडतात: ५६ आणि ११३ हर्ट्झ. उंचीचा दुसरा अनुनाद ११९ च्या आसपास, म्हणजे तोही शेजारीच. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) मंद्राचा, म्हणजे खालच्या सप्तकाचा, कोमल धैवत ११० वर आणि शुद्ध धैवत ११६ वर येतो. पेटीवर मंद्र सप्तक एकेक सूर वाजवत उतरा: निषाद सरळ, पंचम सरळ, मधले दोन्ही धैवत मात्र भाता थांबल्यावरही रेंगाळतात.

११३ हर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटर. एक इंची फोम तिला काहीच करत नाही. तो फक्त वरचे सूर खातो आणि खोली आणखी कोंदट वाटते. म्हणून घनमीटरला ४८ किलो घनतेचे ५० मिमी रॉकवूल (दगडी तंतूंचे) स्लॅब, दोन-दोन एकावर एक, १२०० × ६०० मिमीच्या प्लायच्या फ्रेममध्ये. फ्रेमचं आतलं माप स्लॅबपेक्षा ३ मिमी कमी ठेवलं की स्लॅब दाबून बसतो, ओघळत नाही. आधी नॉन-वोवन कापड, वरून मांजरपाट. कापडाला तोंड लावून फुंकर आरपार जाते का बघा. रेक्झिन किंवा घट्ट विणीचं पडद्याचं कापड चालत नाही. स्लॅब कापताना मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

चार पॅनल कोपऱ्यांत तिरकी उभी केली. ६०० मिमी रुंदीमागे मधोमध सुमारे ३०० मिमी पोकळी मिळते, आणि खालच्या सुरांसाठी हीच पोकळी कामाची. आणखी दोन पॅनल बाजूच्या भिंतींवर, मागे १०० मिमी जागा सोडून. बाहेरच्या भिंतीला पॅनल टेकवू नका. पावसाळ्यात ओल धरते आणि मागून बुरशी चढते.

सगळ्यात स्वस्त सुधारणा जागेची निघाली. खोलीच्या मधोमध ११३ चा दाब सर्वात जास्त असतो, आणि सवयीने माइक तिथेच ठेवला जातो. भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे अडीच फुटांवर, तो जवळपास शून्य होतो. माइक दोन्ही भिंतींपासून अडीच फुटांवर, मागे जाड पॅनल. बैठकीत गाणाऱ्याचं तोंड जमिनीपासूनही साधारण तितक्याच उंचीवर येतं, त्यामुळे उंचीचा अनुनादही टळतो. खुर्चीवर बसून हा फायदा मिळत नाही.

खिडकी सरकती, आणि दोन काचा जिथे एकमेकींवरून जातात तिथली फट बुजत नाही. म्हणून आतून झाकण: १८ मिमी एमडीएफवर (दाबलेल्या लाकडी तंतूंची फळी) १२.५ मिमी जिप्सम बोर्ड, कडेला रबर. चार बाय चारचं एकसंध झाकण ३० किलोच्या वर जातं, एकट्याने उचलवत नाही. दोन तुकडे करायचे ठरले, सांध्याला एकमेकांवर बसणारी खाच देऊन. खाच कापून झाली. रबर आणि मुठी बाकी. उरलेली दोन पॅनल छताला लावायची, माइकच्या बरोबर वर.