पासंगाला पुरेल एवढं

भाजीवाल्याच्या नव्या काट्याला पासंग नसतो. ताटली ठेवायची, टेअरचं बटण दाबायचं, आकडा शून्यावर. दुपारच्या रिकाम्या मंडईत त्या लाल आकड्यांपुढे पिशवी धरून उभं राहिलं की उगाचच डोक्यात येतं : ‘तो याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असं आपण अजून खुशाल म्हणतो, पण हा अपमान नेमका केवढ्याचा?

बऱ्यापैकी मोठा आहे. कारण पासंग म्हणजे वजन नव्हे. रिकामा तराजू उचलला आणि एक पारडं खालीच राहिलं, तर हलक्या बाजूला खडा, खिळा, लोखंडाचा तुकडा, काहीही बांधून दांडी सरळ करतात. ते काहीही म्हणजे पासंग. पारडं एका अंगाने झिजलेलं असतं, दोरी पावसात भिजलेली असते, साखळीची तुटलेली कडी बदलून जाड कडी घातलेली असते. कारणं अशीच किरकोळ. पासंगावर छाप नसते, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही, हरवला तर रस्त्यावरचा दुसरा खडा चालतो. म्हणजे माणसाची तुलना वजनाशी नाही, मालाशीही नाही. तराजूची खोड झाकायला जो दगड लागतो, तेवढाही त्याचा उपयोग नाही. शिवी द्यावी तर अशी, आवाज न चढवता.

पण पासंग सगळ्याच खोडी झाकत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. दांडीचा एक हात ३० सेंटिमीटर आणि दुसरा २९ असेल, तरी पासंग लावून रिकामा काटा मध्यावर आणता येतो. गिऱ्हाईक बघतं, काटा सरळ, समाधान. मग लांब हाताच्या पारड्यात माल पडतो आणि किलोच्या वजनाला ९६७ ग्रॅम मालच पुरतो. चोरी मालाच्या प्रमाणात वाढत जाते, पाच किलोंना दीडशे ग्रॅमच्या वर. पारड्याच्या बुडाला चिंच चिकटवणारा त्या मानाने भाबडा : त्याची चोरी ठरावीक, आणि रिकाम्या काट्यावर लगेच पकडली जाणारी. हातांतला फरक पकडायचा तर एकच उपाय, माल आणि वजन यांची पारडी बदलायची. काटा पुन्हा मध्यावर आला तर तराजू खरा. ‘काटेतोल’ हे विशेषण कोणाला लावण्याआधी त्यालाही एकदा पारडी बदलून बघायला हरकत नाही.

तराजूने भाषेला बरंच दिलंय. पारडं जड होतं, झुकतं माप मिळतं, सोयरीक तोलामोलाची बघतात. हे सगळं उघड आहे, तिथे थांबायला नको. ‘शेरास सव्वाशेर’ मात्र वाटतं तेवढं सरळ नाही. पक्का शेर ८० तोळ्यांचा, आजचे साधारण ९३३ ग्रॅम. कच्चा शेर गावागणिक वेगळा. तेव्हा शेराला सव्वाशेर भेटायला पहिलवान लागत नसे, वेस ओलांडली की पुरे. धान्य तर तोलतही नसत, मापत. चार शेरांची पायली, आणि तीही काठोकाठ की शिगेची, यावर निम्मं भांडण. शीग म्हणजे मापाच्या तोंडावर उभा राहणारा ढीग. माप भरताना हलवलं तर दाणे बसतात आणि जास्त मावतात. अलगद ओतलं तर पोकळ भरतं. घेणारा हलवणार, देणारा अलगद ओतणार. वर मापारी पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणणार. लाभ कोणाचा, ते विचारायचं नाही.

‘तोळामासा प्रकृती’ आपण नाजूक तब्येतीला म्हणतो. त्यामागे ‘घडीत तोळा, घडीत मासा’ आहे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे झोका बारा पटींचा. जरा कणकण आली की तोळामासा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. शिवाय आता सराफाचा तोळाच ११.६६ ग्रॅमवरून १० वर आलाय, त्यामुळे प्रकृती तेवढी आणखी खालावली म्हणायची.

पैशांकडे येऊ. ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला’ : बेरीज करून बघा, बरोबर सोळा आणे, बंदा रुपया. म्हण करणाऱ्याने उधळपट्टीही हिशेबात बसवली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि आण्याचे सव्वासहा झाले. पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून एक आणा सहा पैसे, दोन आणे बारा, तीन आणे मात्र एकोणीस. कोंबडी बिचारी पंचवीस पैशांत नेमकी बसत होती. २०११ च्या ३० जूननंतर तेही नाणं चलनातून गेलं. म्हण चालू आहे, आणि तिला कोणी सुटे मागत नाही.

राहता राहिली ‘पाचावर धारण’. परीक्षेचा निकाल, साहेबांचा फोन, कशानेही ती बसते. धारण म्हणजे बाजारातला धान्याचा भाव, आणि तो ‘शेराला किती रुपये’ असा नसे, ‘रुपयाला किती शेर’ असा असे. म्हणजे आकडा उतरला की महागाई. रुपयाला पाच शेर, तर आण्याला पंचवीस तोळे, तीनशे ग्रॅमलाही कमीच. १८७७ च्या जानेवारीत, मोठ्या दुष्काळात, इंग्रज सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावर दगड फोडणाऱ्या पुरुषाची रोजी ठरवली होती : एक पौंड धान्य आणि एक आणा. बाईला आणि पोराला त्याहून कमी. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. पाचाच्या धारणेने त्यात पंचवीस तोळे मिळवा, आणि त्यातून मीठ-सरपण वजा करा.