गिलरेचा घसरलेला गृहस्थ: प्लेट कुठवर आली

इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेच्या ‘व्हेरी स्लिपी वेदर’ (फारच निसरडं हवामान) या चित्राची नक्कल मी जस्ताच्या प्लेटवर एचिंगनं, म्हणजे आम्लानं रेषा कोरून, करायला घेतली आहे. त्यातला पडलेला गृहस्थ काल मनासारखा छापून आला. प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, वाळतंय तोवर ही नोंद.

मूळ चित्र फेब्रुवारी १८०८ मधलं. इंग्लंडमधला रीजन्सी काळ काटेकोरपणे १८११ ते १८२०, पण रोजच्या फजितीवरच्या चित्रांची ही हौस लंडनमध्ये त्याआधीच रुजली होती. सेंट जेम्सेस स्ट्रीटवरच्या हॅना हम्फ्री बाईंच्या चित्रांच्या दुकानासमोर एक वयस्क माणूस निसरड्या रस्त्यावर उताणा पडलाय. हॅट गेली, विग गेला, खिशातली नाणी सांडली, पण हातातला थर्मामीटर काही त्यानं सोडलेला नाही. मागे दुकानाच्या खिडकीपाशी माणसं चित्रं पाहण्यात गुंग आहेत. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. ती खिडकीतली चित्रंही गिलरेचीच, आणि तो स्वतः राहायचाही त्याच दुकानाच्या वर.

त्याच काळातला व्यंगचित्रकार थॉमस रोलंडसन याच्या, लंडनच्या सॉमरसेट हाउस या इमारतीतल्या जिन्याच्या चित्राशी हे ताडून पाहा. तिथे माणसांची रासच जिन्यावरून गडगडत येते आणि बघे डोळे फाडून पाहतात. तेही जबरदस्त आहे, पण माझा जीव गिलरेवर. लोक हसले तर माणूस निदान चिडू शकतो. इथे पडणाऱ्याला तेवढीही सोय नाही. म्हणून खिडकीपाशी उभ्या माणसांवर मी थर्मामीटर धरलेल्या हातापेक्षाही जास्त वेळ घालवतोय: खांद्याचा उतार, पुढे झुकलेली मान. ती जरा जरी रस्त्याकडे वळलेली वाटली तरी चित्र गेलं.

आता कामाचं. ग्राउंड, म्हणजे प्लेटवरचा आम्ल अडवणारा थर, नेहमीचंच: मेण, डांबर आणि राळ. वर मेणबत्तीची काजळी. ट्रेसिंग उलटं करून उतरवलं, अक्षरंही उलटी. खिडकीच्या तावदानांच्या रेषा आम्लात जेमतेम ठेवल्या आणि लगेच व्हार्निशनं बंद केल्या. कोटाच्या सावल्या सगळ्यात जास्त वेळ चावू दिल्या. नायट्रिक आम्ल जस्ताला भराभर खातं आणि रेषेच्या कडा खरबरीत होतात, त्यामुळे पिसानं बुडबुडे सारत राहावं लागतं. खिडक्या सताड उघड्या ठेवूनच हे करा, तो वाफारा छातीत जायला नको. कोटाला ही खरबरीत रेष शोभते. थर्मामीटर धरलेल्या बोटांना मात्र नाही. बोटांमधली जागा शाईनं भरून येते आणि मूठ गोळा दिसते, म्हणून तिथे पुसताना टार्लटन (शाई पुसायचं जाळीदार कापड) सोडून तळहात वापरला. प्रूफमध्ये चारही बोटं सुटी दिसतायत, आणि मला सगळ्यात जास्त आनंद त्याचाच आहे.

खिडकीतली चिमुकली चित्रं अजून बाकी आहेत. मग रंग. त्या काळी छापावर हातानं जलरंग चढवत, तसाच पातळ हात द्यायचा आहे, रेष झाकली जाता कामा नये.

त्यानंतर १८०२ मधलं गिलरेचंच मलमलीच्या झग्याचं चित्र घेईन: चहाच्या वेळी शेकोटीतली तापलेली सळई पडते आणि बाईंचा झगा पेट घेतो. ज्वाळांच्या रेषा फार नाजूक आहेत, तेव्हा ते तांब्यावर, फेरिक क्लोराइडमध्ये.