भिंगरी फिरली, पण बॅटरी भरेना

पाती फिरायला लागली तेव्हा अख्खी आळी जमली होती. आठ इंची प्लास्टिक पाइपातून कापलेली तीन पाती, भंगारातली २४ व्होल्टची डीसी मोटर, शेपटीला पत्रा. छपरावर माझी घरगुती पवनचक्की भिंगरीसारखी भिरभिरत होती आणि खाली मी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर धरून गप्प. आकडा दीड व्होल्टाच्या पुढे सरकत नव्हता.

शिकवणारं कोणी नव्हतं, त्यामुळे गणित तेव्हा कुठे मांडलं. मोटर बाहेरून फिरवली की उलट वीज देते, पण २४ व्होल्ट मिळतात ते मिनिटाला २५०० फेऱ्यांवर; माझी पाती घेणार जेमतेम पावणेदोनशे. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे तिच्यात वीज ढकलायला १३-१४ व्होल्ट तरी हवेत. त्याखालचं सगळं फिरणं फुकट.

मलावीच्या विल्यम काम्क्वांबाने २००२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, सायकलचे भाग आणि चाकाला टेकून वीज करणारा डायनॅमो वापरून पवनचक्की उभारली होती. मला वाटायचं, बिचाऱ्याने हाताशी होतं ते वापरलं. मग एका सायकलचा डायनॅमो निरखून पाहिला आणि डोक्यात प्रकाश पडला. चाक एकदा फिरलं की त्याला टेकलेली इवलीशी चकती पंचवीस-तीस वेळा फिरते. गिअर आयताच!

टायर काढलेली रीम पात्यांच्या आसावर बसवली, तिच्या खाचेतून पट्टा घेतला, मोटरला पुली. जास्त फेऱ्यांच्या हावेने पुली तीन सेंटिमीटरची घेतली, तर मंद वाऱ्यात पाती जागची हलेनात. सहाची घातल्यावर जमलं.

त्या रात्री वारा पडला तरी पाती फिरतच होती. इतक्या कमी वाऱ्यातही चालते म्हणून मी स्वतःवरच खूश होऊन झोपलो. सकाळी बॅटरी पार रिकामी. रात्रभर बॅटरीच मोटर चालवत होती. पवनचक्कीचा मी पंखा केला होता! वीज उलटी फिरू न देणारा एक डायोड लावायचा राहिला होता, बस.

तरीही वीज बेताचीच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. माझ्या दीड मीटर व्यासाच्या चक्रातून सेकंदाला ३ मीटरच्या वाऱ्यात साधारण २९ वॅट जातात, ६ मीटरच्या वाऱ्यात २३०. त्यातले ५९ टक्क्यांहून जास्त कुणालाच काढता येत नाहीत. माझ्या जुगाडाला पाव हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. आणि छपरावर येतो तो भिंतींना, झाडांना धडकून घुसळलेला वारा. म्हणजे झाडांच्या वर जायला हवं.

"दुरुस्तीला वर चढणार कोण?" वडिलांनी विचारलं. खरं होतं. म्हणून लोखंडी पाइपाला बुडाशी बिजागरी केली, चारी बाजूंनी ताणाच्या तारा. एक तार सोडली की खांब हळूहळू आडवा करता येतो. वादळ दिसलं की आम्ही तेच करतो.

आता चार घरांत एलईडी दिवे आहेत आणि मोबाइलसाठी रांग. बॅटरी १२ व्होल्टांखाली गेली की चार्जिंग बंद, हा माझा नियम, आणि त्यावरून रोज वाद. "एवढा वारा आहे की रे, मग नाही कशाला म्हणतोस?" शेजारच्या काकू एकदा चिडल्या. मी त्यांच्या हातात मल्टिमीटर दिला. हल्ली त्या आधी आकडा बघतात, मग मोबाइल आणायचा की नाही ते ठरवतात.