वाल्किरी: बॉम्बनंतरचे तीन तास

२० जुलै, रात्र

तारीख साधून आज 'वाल्किरी' पुन्हा पाहिला. २००८ चा, ब्रायन सिंगरचा, २० जुलै १९४४ ला हिटलरला बॉम्बने उडवण्याच्या त्याच्याच सेनाधिकाऱ्यांच्या कटावरचा. बॉम्ब ठेवणारा जर्मन अधिकारी श्टाउफेनबर्ग, त्याच्या भूमिकेत टॉम क्रूझ. हिटलर वाचणार हे आधीपासून ठाऊक असतं, तरी ती बॅग टेबलाखाली सरकवली जाते तेव्हा आपण जागच्या जागी आवळून बसतो. हे सोपं काम नाही. शेवट माहीत असलेल्या गोष्टीत माणसाला असं धरून ठेवायचं, तर दिग्दर्शकाला प्रत्येक मिनिटाचा हिशेब द्यावा लागतो.

१९४४ च्या त्या दुपारी सगळं थोडक्यात हुकलं. ट्युनिशियात श्टाउफेनबर्गचा डावा डोळा, उजवा हात आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. उरलेल्या तीन बोटांनी त्याला स्फोटकाचा फ्यूज चालू करायचा होता. मध्येच कुणीतरी बोलवायला आलं आणि दोनपैकी एकच स्फोटक तयार झालं. हिटलरची बैठक सिमेंटच्या बंकरमध्ये नव्हती, लाकडी बराकीत होती, खिडक्या उघड्या होत्या. शिवाय कुणीतरी ती बॅग टेबलाच्या जाड आधाराच्या पलीकडे सरकवली. १२ वाजून ४२ मिनिटांनी स्फोट झाला. चार माणसं गेली. हिटलर फाटक्या पँटनिशी बाहेर आला आणि त्याच दुपारी मुसोलिनीला भेटला.

पण माझ्या मनात आज घर करून बसलाय तो स्फोटानंतरचा बर्लिनचा भाग. श्टाउफेनबर्ग बर्लिनला परतताना विमानात आहे, आणि बेंडलरब्लॉकमध्ये, म्हणजे बर्लिनमधल्या सैन्याच्या मुख्यालयात, कटातला जनरल ओल्ब्रिष्ट नक्की बातमीची वाट बघतोय. वाल्किरी ही मुळात देशात बंडाळी झाली तर राखीव सैन्याने काय करायचं याची सरकारमान्य योजना. कटवाल्यांनी तिच्यातच फेरफार करून ठेवले होते, म्हणजे हिटलरच्याच सैन्याकडून एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या लोकांना अटक करवायची. केवढी धाडसी कल्पना! ते मसुदे टाइप करणाऱ्या मार्गारेथ फॉन ओवेनने बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून हातमोजे घातले होते. एवढी तयारी, आणि ऐन वेळी सुमारे तीन तास वाया. आदेश सुटले ते चारच्या सुमारास. बिल नायीने ओल्ब्रिष्टचा तो अडखळलेपणा असा दाखवलाय की त्याचा राग येत नाही, त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं हाच प्रश्न पडतो.

राग येतो फ्रोमचा. राखीव सैन्याचा हा प्रमुख. कटाची कुणकुण त्याला होती. जिंकणाऱ्याच्या बाजूला जायचं एवढंच त्याचं धोरण. हिटलर जिवंत आहे म्हटल्यावर त्याने त्याच रात्री श्टाउफेनबर्ग, ओल्ब्रिष्ट, आणि कटातलेच मेर्त्झ व हाफ्टेन यांना अंगणात उभं करून गोळ्या घालवल्या. स्वतःला माहीत होतं त्याचे साक्षीदारच त्याने संपवले. तेही कामी आलं नाही, मार्च १९४५ मध्ये त्यालाही गोळ्या घातल्या गेल्या. कुंपणावर बसलेल्या अशा माणसांच्या जिवावरच हुकूमशहा टिकतो असं मला फार तीव्रपणे वाटतं. टेलिप्रिंटरच्या खोलीतला प्रसंग बघा. दोन्ही बाजूंचे परस्परविरोधी हुकूम येताहेत, आणि कुठले पुढे धाडायचे हे ठरवायची वेळ तिथल्या माणसावर आली आहे. एका देशाचं भवितव्य त्या खोलीत अडकलेलं. चित्रपटातला सर्वांत थरारक प्रसंग मला तो वाटतो, आणि त्यात एकही गोळी सुटत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. चित्रपटातला श्टाउफेनबर्ग पहिल्यापासूनच स्वच्छ आहे. खरा माणूस कट्टर राष्ट्रवादी होता, १९३९ च्या पोलंडवरच्या स्वारीत उत्साहाने सामील होता. तिथून इथवर तो कसा आला, ती वाट दाखवायला हवी होती. तो बदल दाखवला असता तर माणूस उलट मोठाच झाला असता. त्याच संदर्भात गेओर्ग एल्झरची आठवण येते. साधा सुतार. म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये रात्रीमागून रात्री लपून त्याने खांब पोखरला आणि ८ नोव्हेंबर १९३९ ला बॉम्ब उडवला. हिटलर १३ मिनिटं आधी निघून गेला होता. आठ माणसं मेली, त्यात हॉटेलात काम करणारी एक बाईही होती, हे विसरता येत नाही. पण मोठमोठे सेनानी पोलंड आणि फ्रान्सचे विजय साजरे करत होते त्याच्याही आधी या सुताराला पुढचं दिसलं होतं. हाताशी ना सैन्य, ना टेलिप्रिंटर.

ॲम्स्टरडॅममध्ये लपलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीने २१ जुलै १९४४ ला आपल्या रोजनिशीत श्टाउफेनबर्गच्या हल्ल्याची बातमी आनंदाने लिहिली. हल्ला करणारा जर्मन अधिकारीच आहे याचं तिला विशेष वाटलं. ४ ऑगस्टला ती पकडली गेली. आदेश वेळेत सुटले असते तर? या प्रश्नाला अर्थ नाही हे कळतं, तरी तो पाठ सोडत नाही.

आणि निना, श्टाउफेनबर्गची बायको. नवऱ्याला मारलं तेव्हा ती गरोदर होती. तिला पकडून राव्हन्सब्रुकच्या छळछावणीत नेलं. चारही मुलांना बाड झाक्साच्या बालगृहात ठेवलं, त्यांचं आडनावही बदलून 'माइस्टर' केलं. पाचवं मूल जानेवारी १९४५ मध्ये कैदेतच झालं. पुढे निना २००६ पर्यंत जगली. कारिस फान हाउटेनला ही भूमिका देऊन दिग्दर्शकाने तिला जेमतेम काही मिनिटं दिली आहेत. तिच्यासाठी चित्रपट अर्धा तास लांबला असता तरी मी खुशाल बसले असते.