दही लागलं का?

रात्री साडेदहाला घरातले सगळे आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले असतात, तेव्हा मी दुधात बोट बुडवून उभा असतो. विरजण लावायचं खातं गेली सहा-सात वर्षं माझ्याकडे आहे. आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा ते तात्पुरतं माझ्याकडे आलं, आणि बायकोने ते परत मागितलं नाही.

बोट म्हणजे करंगळीच. आईच्या मते बाकीची बोटं कामं करून निबर झालेली असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. दूध असं हवं की करंगळी दहा आकडे आत राहिली पाहिजे, पण दहाव्याला ती बाहेर काढावीशी वाटली पाहिजे. मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेला थर्मामीटर घरात होता म्हणून मी एकदा मोजून पाहिलं. चव्वेचाळीस अंश. पुस्तकं 40 ते 45 म्हणतात. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘मग? थर्मामीटर बरोबर आहे म्हणायचा.’’

मग कालच्या दह्यातलं चमचाभर पातेल्याच्या तळाला फासायचं, वरून दूध ओतायचं, एकदा वरखाली करायचं, झाकण ठेवायचं. संपलं. त्यानंतर करण्यासारखं काहीही नसतं, आणि मला वाटतं या सगळ्या कामातला सर्वांत अवघड भाग तोच आहे. मी इडल्या मागवल्या तर त्या आणणारा मुलगा कुठल्या चौकात सिग्नलला थांबलाय हे मला दिसतं. पातेल्यात काय चाललंय ते दिसत नाही. उघडून बघावं तर ऊब जाते, हलवून बघावं तर दही मोडतं. लहानपणी मी आजीचं मातीचं गाडगं हळूच तिरपं करून बघायचो. सकाळी त्यात कडेने पाणी सुटलेलं दिसलं की आजी कुणाला काही विचारायची नाही, सरळ माझ्याकडे बघायची.

तिचं ‘हलवू नकोस’ किती शास्त्रशुद्ध होतं ते पुढे कळलं. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात. दुधाचा सामू (म्हणजे पीएच, जितका कमी तितकं आंबट) 6.6 च्या आसपास असतो, तो उतरत उतरत 4.6 च्या जवळ आला की केसीन नावाची प्रथिनं एकमेकांचे हात धरून जाळं विणतात आणि दुधातलं सगळं पाणी त्या जाळ्यात अडकून राहतं. अर्धवट विणलेल्या जाळ्याला धक्का दिला की ते फाटतं आणि पाणी बाहेर. 1905 साली स्टामेन ग्रिगोरोव्ह नावाच्या तरुण बल्गेरियन संशोधकाने जिनिव्हात बसून आपल्या देशच्या दह्यातला काडीसारखा जिवाणू शोधून काढला, त्याला पुढे बल्गेरियाचंच नाव मिळालं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या मेचनिकोव्ह यांनी तर असल्या आंबट दुधानेच माणसाचं आयुष्य वाढतं असा सिद्धांत मांडला आणि स्वतः ते रोज घेतलं. ते 71 वर्षं जगले. माझी आजी मेचनिकोव्हचं नाव न ऐकता ब्याण्णवपर्यंत गेली, पण ती दह्यात साखर घालायची, तेव्हा तिचा पुरावा धरता येणार नाही.

आपली भाषा या बाबतीत गंमतीची आहे. विरजण आपण लावतो, पण दही लागतं. झाड आपण लावतो, त्याला आंबे लागतात. डोळा तर लावताही येत नाही, लागला तर लागतो. सकाळी उठून मी ‘दही लागलं का?’ असं विचारतो, ‘दही झालं का?’ असं नाही. भाजी होते, पोळ्या होतात, दही मात्र लागतं. ज्या कुणी हा फरक केला त्याला किंवा तिला पातेल्यापाशी वाट बघायची चांगलीच सवय असणार.

त्याच भाषेने मग विरजणावर एवढा अन्याय का करावा? आनंदावर विरजण पडलं, उत्साहावर विरजण पडलं. सहलीच्या दिवशी पाऊस आला की विरजण, पाहुण्यांच्या आधी सिलिंडर संपला की विरजण. मी बराच विचार केला आणि मला वाटतं, हा वाक्प्रचार दुधाने तयार केला असावा. दुधाच्या बाजूने पाहिलं तर खरंच आहे, एवढंसं आंबट काहीतरी पडलं आणि आपण दूधच राहिलो नाही. दह्याला कुणी विचारलंच नाही.

अर्थात रोज लागतंच असं नाही. मे महिन्यात चार-पाच तासांत लागतं आणि विसरलं तर सकाळपर्यंत आंबटढाण. डिसेंबरात बारा तास झाले तरी अदमुरं. मग पातेलं तांदळाच्या डब्यात पुरायचं, नाहीतर जुन्या शालीत गुंडाळायचं. कधी त्याला तार सुटते आणि चमच्याबरोबर ते शेंबडासारखं वर येतं. तसं दही मी गुपचूप कढीत ढकलतो. आणि महिन्यातून एखाद्या सकाळी ते असं लागतं की सुरीने कापावं. कवडीचं दही. त्या दिवशी मी आधी कुणाला खाऊ देत नाही, सगळ्यांना बोलावून पातेलं तिरपं करून दाखवतो. मुलगा म्हणतो, ‘‘बाबा, डबाबंद दही रोजच असं असतं.’’ बरोबर आहे त्याचं. रोजच असतं. म्हणून तर ते कुणाला बोलावून दाखवत नाही.

आमच्या विरजणाच्या घराण्याविषयी आईला फार अभिमान. हे विरजण तिच्या सासूकडून आलेलं, त्यांच्या सासूकडून त्यांना. बहीण लग्न होऊन न्यू जर्सीला निघाली तेव्हा आईने स्वच्छ रुमाल दह्यात बुडवून सावलीत वाळवला आणि घडी करून तिच्या पर्समध्ये दिला. तिकडे कोमट दुधात भिजवायचा. ‘आपलं दही अमेरिकेत लागलं’ हे आई पुढे वीस वर्षं प्रत्येक हळदीकुंकवात सांगत होती. गेल्या दिवाळीत बहिणीने मला हळूच सांगितलं की रुमाल पहिल्याच आठवड्यात कपड्यांबरोबर धुवायला गेला. तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून योगर्टचा डबा आणला, त्यातलं चमचाभर दुधात घातलं आणि पातेलं ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं. तिकडच्या निम्म्या मराठी घरांत म्हणे असंच लागतं. ‘‘आईला चव ओळखू आली नाही?’’ मी विचारलं. ‘‘ती आली होती तेव्हा म्हणाली, अगदी घरच्यासारखं आहे.’’

हे ऐकून मला जरा हायसं वाटलं, कारण त्याआधी महिनाभर इकडचं घराणंही मीच बुडवलं होतं. दुपारी मुलाचे मित्र आले, पराठे झाले, आणि दही भाताच्या शितासारखं निपटून खाल्लं गेलं. विरजणापुरतं काढून ठेवायला मी विसरलो. संध्याकाळी लक्षात आलं. आई जागी होती, त्यामुळे डबा मागवण्याची सोय नव्हती. सुक्या मिरच्यांची देठं दुधात टाकूनही दही लागतं, पण त्याला वेळ लागतो आणि पहिलं दही फारसं खाण्यासारखं नसतं. शेवटी वाटी न घेताच समोरच्या दाराची बेल वाजवली.

समोरच्या काकूंशी आमचं तोवरचं बोलणं म्हणजे लिफ्ट बंद आहे आणि पाणी येणार नाही. चार वर्षांत दाराच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं. मी विरजण म्हणताच त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं. बाहेर अंधारून आलेलं. तिन्हीसांजेनंतर दूध-दही घराबाहेर देत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं, मी ओशाळून ‘असू द्या’ म्हणालो.

‘‘थांबा हो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मी अजून देवाजवळ दिवा लावलेला नाही. म्हणजे आमच्याकडे संध्याकाळ झालेली नाही. घ्या पटकन.’’ आणि स्टीलच्या छोट्या वाटीत दोन चमचे दही घालून दिलं. मी दार ओढतोय तोवर आत काडी ओढल्याचा आवाज आला.

त्या रात्रीपासून आमच्याकडे काकूंचं दही लागतं. जरा गोडसर आहे. आईने पहिल्या घासाला मान हलवली आणि म्हणाली, ‘‘आता हवा बदलली, दही चांगलं लागतंय.’’ मी हवेला श्रेय घेऊ दिलं.

परवा सकाळी बेल वाजली. काकू दारात. त्या आठवडाभर मुलीकडे गेल्या होत्या, फ्रिज बंद करून, तेव्हा विरजण आहे का? मी म्हटलं, ‘‘आहे की. तुमचंच आहे.’’ त्यांना ते नीटसं कळलं नसावं, पण हसल्या. आत येऊन दोन मिनिटं आईपाशी टेकल्या, त्याची चाळीस मिनिटं झाली.

विरजण मी आमच्या वाटीत दिलं. त्यांची वाटी अजून माझ्या ओट्यावरच आहे. रिकामी परत करायची नसते, आणि दही घालून द्यावं तर ते त्यांचं त्यांनाच दिल्यासारखं होतं. आई म्हणते शिरा कर. शिरा मला येत नाही. आज संध्याकाळी शिकणार आहे, दिवा लावायच्या आत.