बाई थांबायच्या

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं तेव्हा आठवणींची गर्दी झाली, पण त्यातल्या एकाच आठवणीवर मी लिहिणार आहे. मी सध्या बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळं जमून आलं तर पुढच्या वर्षी कुठल्यातरी वर्गासमोर गणित शिकवायला उभी राहीन. त्यामुळे हल्ली शाळा म्हटलं की मैदान आणि मैत्रिणींच्याही आधी आमच्या गणिताच्या बाई डोळ्यांसमोर येतात. प्रश्न विचारून गप्प उभ्या असलेल्या.

सहावीतली गोष्ट. अपूर्णांकांची बेरीज नुकतीच सुरू झाली होती. बाईंनी फळ्यावर १/२ + १/३ लिहिलं आणि मला उठवलं. मी म्हणाले, "दोन छेद पाच." वरचे वर मिळवले, खालचे खाली. मागच्या बाकावरून लगेच "चूक, चूक" सुरू झालं. बाईंनी हातानेच त्यांना गप्प केलं आणि माझं उत्तर फळ्यावर लिहिलं. बरोबर उत्तर लिहायच्या तसंच, ठसठशीत. मग विचारलं, "बरं, हे दोन छेद पाच अर्ध्यापेक्षा मोठे की लहान?"

आणि थांबल्या.

खडू टेबलावर ठेवला, बोटांवरची पांढरी पूड झटकली आणि नुसत्या उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघत होत्या, पण रोखून नाही. घाई असलेलं माणूस कसं उभं राहतं ते मुलांना बरोबर कळतं. बाईंना घाई नव्हती. मी मनात पाचाचे अर्धे केले. अडीच. दोन म्हणजे अडीचहून कमी. "लहान," मी म्हणाले. बाई तरीही बोलल्या नाहीत. मान वळवून त्यांनी फळ्यावरच्या १/२ कडे फक्त एकदा पाहिलं. मीही पाहिलं. अर्ध्यात आणखी काहीतरी मिळवलंय आणि उत्तर अर्ध्याहून कमी? "बाई, हे चुकलंय. असं होऊच शकत नाही!"

"आता हे तुला पटलं, तर खरं उत्तर किती ते आपण शोधू," बाई म्हणाल्या.

छेद समान करणं, लसावि, सहाचे छेद हे सगळं त्यांनी पुढचे दोन तास शिकवलं. ५/६ हे उत्तर मला त्या दिवशी आलंच नव्हतं. पण माझं उत्तर चूक आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, ते माझं मी पकडलं होतं. गणित माझं झालं ते त्या तासाला.

बाई हे कसं करत होत्या, ते मला माझ्या सराव पाठानंतर कळलं. पाठ टाचण नेटकं होतं, वर्गही शांत होता. आमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी पाठाचं रेकॉर्डिंग केलं आणि संध्याकाळी मला ऐकवलं. मी प्रश्न विचारते, श्वासही न घेता दुसऱ्या शब्दांत तोच प्रश्न पुन्हा विचारते, मग पहिला हात वर करणाऱ्याचं नाव घेते. त्याने अर्धं उत्तर दिलं की उरलेलं मीच पूर्ण करते. तासभर तेच. पाठ छान झाला असं समजून मी वर्गातून बाहेर पडले होते. ऐकताना फार वाईट वाटलं.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गांची अशीच ध्वनिमुद्रणं तपासली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात, असं तिला आढळलं. हाच वेळ ३ सेकंदांच्या पुढे नेला की मुलांची उत्तरं लांबतात, उत्तरच न येण्याचं प्रमाण घटतं, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारतात. १९७४ साली तिने हे सविस्तर मांडलं. थांबण्याच्या दोन जागा ती सांगते. एक शिक्षकाच्या प्रश्नानंतरची आणि दुसरी मुलाच्या उत्तरानंतरची. ही दुसरी जागा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. "लहान" म्हणाल्यावर बाई बोलल्या नव्हत्या, ती हीच जागा.

तीन सेकंद कागदावर काहीच नाहीत. चाळीस मुलं आपल्याकडे बघत असताना ते संपता संपत नाहीत. आपल्याला पुढचं आठवत नाहीये असं मुलांना वाटेल की काय, ही भीती असते. आणि नुसतं थांबून भागत नाही, हेही सांगायला हवं. सात आठे किती, असं विचारून कोणी ताटकळत उभं राहू नये. पाढे विचारताना बाईही थांबत नसत, तिथे त्यांचा सपाटा असे. थांबावं असा प्रश्न आधी सुचावा लागतो. "दोन छेद पाच अर्ध्यापेक्षा मोठे की लहान" हा प्रश्न तयार असायला मूल कुठे आणि का चुकणार, हे आधीपासून ठाऊक असावं लागतं. माझ्या टाचणात आता त्यासाठी वेगळा रकाना असतो.

बाईंची आणखी एक सवय. चाचणीचे पेपर मिळत तेव्हा त्यांवर गुण नसत, प्रत्येक चुकीपाशी एक ओळ असे. 'इथपर्यंत बरोबर, पुढची पायरी पुन्हा बघ.' गुण दोन दिवसांनी कळत. आम्हाला याचा राग यायचा. रूथ बटलर यांनी १९८८ साली केलेला अभ्यास मी आत्ता वाचला. नुसते शेरे मिळालेल्या मुलांची प्रगती झाली, शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांची झाली नाही. गुण दिसले की शेरा कोण वाचतंय! आम्हीही वाचला नसता.

गेल्या महिन्यात सातवीवर दशांश अपूर्णांकांचा पाठ घेतला. ०.३५ मोठे की ०.४, असं विचारलं. ०.३५ साठी भराभर हात वर झाले. मी कोणाचंच नाव घेतलं नाही. मनात आकडे मोजत राहिले. बऱ्याच वेळाने खिडकीजवळच्या एका मुलीने हात अर्धाच वर केला. "०.४," ती म्हणाली. "पस्तीस मोठे दिसतात, पण ते शंभरातले आहेत."

उत्तर पुरं झालं नव्हतं. पुढचं वाक्य माझ्या अगदी ओठांवर होतं. मी खडू टेबलावर ठेवला.

"आणि चार दहातले आहेत," ती म्हणाली, "म्हणजे शंभरातले चाळीस."