फास्ट स्कॅन शिकताना

‘पोटात रक्त साचलंय का, एवढंच सांगायचं. कुठून आलं ते सर्जन बघतील.’ इमर्जन्सी मेडिसिनच्या रेसिडेन्सीत आमचे सर हे घोकूनच घ्यायचे. अपघाताच्या पेशंटची खाटेवरच करायची ही सोनोग्राफी, म्हणजे फास्ट स्कॅन, १९९०च्या दशकात रूढ झाली. चार जागा बघायच्या: यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधली फट, म्हणजे मॉरिसन पाउच, प्लीहेभोवती, ओटीपोटात मूत्राशयाच्या मागे, आणि हृदयाभोवती. ईफास्टमध्ये, म्हणजे याच तपासणीच्या वाढीव रूपात, छातीही आली. ताजं रक्त पडद्यावर काळं दिसतं.

उजवी बाजू लवकर जमली. डावीकडे मात्र घाम फुटला. जठरातली हवा आडवी येई आणि नुसता करडा धूर दिसे. शेवटी सिनियर मॅडमनी माझं मनगट धरून प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर फिरवायचा भाग, मागे, आणखी मागे सरकवला. मुठीची हाडं गादीला टेकली, तेव्हा कुठे प्लीहा दिसली. ओटीपोटाचं वेगळंच. मूत्राशय भरलेलं असेल तरच मागचं नीट दिसतं, म्हणून लघवीची नळी घालून ते रिकामं होण्याआधीच ‘सिस्टर, कॅथेटर जरा थांबा’ हे वाक्य तोंडात बसलं.

मशीन पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली नोंदवलेलं. गरोदर बाई असली की सोनोग्राफीच्या नोंदीचा एफ फॉर्म आलाच, मग ती अपघाताची का असेना. कायदा कशासाठी आहे ते मान्यच. पण रात्री दोनला कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे आधीच विचारून ठेवलेलं बरं.

सगळ्यांत अवघड होतं ते ‘काही दिसत नाही’ हे नातेवाइकांना सांगणं. बाइक घसरून हँडल पोटात बसलेला एक मुलगा आला. स्कॅन स्वच्छ, बीपी ठीक, नाडी मात्र जोरात. वडील म्हणाले, ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे ना, मग घरी नेऊ का?’ मी म्हटलं, ‘काका, आत्ता दिसलं नाही एवढंच. परत बघणार आहे.’ थोडं रक्त, साधारण २०० मिलिलिटरपर्यंतचं, सहसा निसटतं. पोटाच्या मागच्या भागातलं तर या तपासणीत कळतच नाही, आणि आतडं फाटलं असेल तरी सुरुवातीला स्कॅन साफ येऊ शकतो.

अर्ध्या तासाने मॉरिसन पाउचमध्ये काळी रेघ उमटली होती. बीपीही उतरायला लागलं होतं. सीटी स्कॅनच्या वाटेला न जाता रक्त लावून त्याला थेट ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. प्लीहा फाटली होती. वडील मग बाहेर सिस्टरांना रक्तपेढीचा रस्ता विचारत होते.